मित्रांना भेटायचं असेल तर शाकाहारी बुफे नको

धागाकर्ता:
परवा आम्ही सहा जण चार वर्षांनी भेटलो. शाकाहारी बुफेला गेलो. दोन तासांत सहाही जण एकदम टेबलावर असे जेमतेम १० मिनिटं. कुणी सूप आणायला, कुणी सॅलडच्या रांगेत. मैत्रीण वडिलांच्या आजारपणाचं सांगत होती, तेवढ्यात "गरम आलंय" म्हणून तिघं उठले. ती गप्प झाली. तो विषय पुन्हा निघालाच नाही. फार लागलं मला ते. शिवाय पैसे वसूल करायच्या नादात जास्त खाल्लं जातं. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटं लागतात, तोवर दुसरं ताट संपलेलं असतं. त्यापेक्षा मेनूकार्ड बघून मागवावं आणि निवांत बसावं.

प्रतिसाद १:
साफ असहमत. आमच्या ग्रुपमध्ये मी एकटीच शाकाहारी. एरवी प्रत्येक वेळी वेटरला विचारा: सूप कशाच्या पाण्यात उकळलंय, तळणीचं तेल वेगळं आहे ना? बाकीचे ताटकळतात आणि मला ओशाळल्यासारखं होतं. शाकाहारी बुफेत कुणालाही काही न विचारता प्रत्येक भांड्याचं झाकण उचलता येतं. हे सुख रोज सगळं खाणाऱ्यांना कळणार नाही. आणि बोलणं तुटलं तो दोष उठणाऱ्यांचा, बुफेचा नाही. रांगेतही गप्पा होतातच की.

प्रतिसाद २:
नासाडीबद्दल कुणीच बोलत नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं २८ टक्के हॉटेलं, कॅन्टीन अशा ठिकाणचं. शाकाहारी आहे म्हणून टाकलेलं अन्न काही सत्कारणी लागत नाही.

प्रतिसाद ३:
पण बुफेत चमचाभर वाढून घेऊन चव बघता येते. मागवलेली अख्खी डिश आवडली नाही तर काय करता? तीही टाकूनच देता ना! मला खटकतं ते वेगळंच: चार घास खाणाऱ्यालाही तेवढेच पैसे.

धागाकर्ता:
प्रतिसाद १, उठणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे तुमचं म्हणणं झोंबलं आणि पटलंही. वेटरला विचारत बसण्याचा त्रास मी कधी लक्षातच घेतला नव्हता. पण रांगेतल्या गप्पा म्हणजे हवापाण्याच्या. हातात रिकामं ताट घेऊन वडिलांच्या आजारपणाबद्दल कोण बोलणार?