मिरजेची नॅरोगेज आणि माथेरानचं इंजिन

मिरज-पंढरपूर गाडीच्या आठवणी वाचून मजा आली. पण जपून ठेवलेलं माथेरानचं इंजिन आपल्या मिरजेच्या रुळांवरही धावलं असतं, असं त्या आठवणींत कुणीतरी म्हटलंय. ते शक्य नव्हतं. दोन्ही नॅरोगेजच, पण मिरज-पंढरपूर गाडी ज्या बार्शी लाईट रेल्वेवर धावायची तिचे रूळ ७६२ मिमी अंतराचे, माथेरानचे ६१० मिमी.

माथेरानची लाईन १९०७ची. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलने चार इंजिनं बांधली. त्यांतलं ७४० नंबरचं आज इंग्लंडमध्ये लेटन बझर्डला आहे. त्याची खुबी चाकांत. पुढच्या-मागच्या आसांवर (अ‍ॅक्सलवर) पोकळ नळी बसवलेली, चाकं त्या नळीला. मधल्या गोल सांध्यावर नळी थोडी तिरकी होते, म्हणून तीव्र वळणावरही चाकं रुळाबरोबर वळतात. काय डोकं लावलंय!

आपल्या बार्शी लाईटचं वेगळं. ती उभारणाऱ्या ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही. वजन वाटायला आस जास्त, म्हणून सुरुवातीची, किटसन या ब्रिटिश कंपनीची इंजिनं एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची, मागे आणखी चार चाकं. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जायचा. मिरजेपर्यंत लाईन आली १९२७ला. याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं!

माथेरानच्या इंजिनाइतकंच कौतुक बार्शी लाईटचंही व्हायला हवं. मिरजेच्या शाळकरी पोरांना हा इतिहास कुणी सांगतं का?