स्क्रीनिंगच्या टक्केवारीवरून डॉक्टरांचं काम मोजावं का? (मोठं आतडं आणि प्रोस्टेट)

गोदाकाठ

अमेरिकेत आरोग्य विमा योजनांचा दर्जा ठरवताना एक आकडा हमखास बघतात: ४५ ते ७५ वयाच्या किती टक्के लोकांचं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं स्क्रीनिंग (लक्षणं नसताना केलेली तपासणी) वेळेवर झालंय. तोच आकडा पुढे फॅमिली डॉक्टरांच्या मागे लागतो. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठीच्या पीएसए या रक्तचाचणीलाही असंच लक्ष्य असावं, असं काही जण म्हणतात. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

आतड्यात कर्करोगाच्या आधीचा पॉलिप (आतल्या बाजूची छोटी गाठ) सापडतो आणि कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडं पाहणं, थोडक्यात 'स्कोप') चालू असतानाच काढता येतो. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात, म्हणून काही सापडलं नाही तर दहा वर्षांतून एक स्कोप पुरतो. पीएसए चाचणीत मात्र आधीच झालेल्या कर्करोगाचा संशय येतो, आणि अशा कर्करोगांतले बरेचसे आयुष्यभर काहीच त्रास न देणारे असतात. ईआरएसपीसी या युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचा १३ वर्षांनंतरचा हिशोब पाहा: एक मृत्यू टळायला ७८१ पुरुषांना चाचणीसाठी बोलवावं लागलं आणि २७ जणांना जादाचं (एरवी न झालेलं) निदान मिळालं. अमेरिकेच्या प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या शिफारसी करणाऱ्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये पीएसए स्क्रीनिंग नकोच म्हटलं. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयासाठी 'डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा' असं झालं, ७० नंतर नकोच राहिलं. नीट समजून घेऊन पेशंट 'नको' म्हणाला तर तेही बरोबर असतं. मग ९० टक्के चांगले की ४०, हे ठरवायचं कशावरून?

दुर्बीण

पीएसएबद्दल मान्य. पण आतड्याचा आकडा तुम्ही फारच भरवशाचा धरलाय. त्यात फक्त 'चाचणी झाली' एवढंच दिसतं.

एक जुनी पद्धत बघा. डॉक्टर गुदद्वाराची बोटाने तपासणी करतात, हातमोज्याला लागलेली शौच लपलेलं रक्त तपासायच्या कार्डावर पुसतात आणि रक्त नाही म्हणून नोंद करतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठे किंवा धोकादायक पॉलिप आणि कर्करोग अशा एकूण गाठींपैकी जेमतेम ४.९ टक्के या पद्धतीने पकडले गेले. घरी घेतलेल्या सहा नमुन्यांनी २३.९ टक्के पकडले. आणि तरी त्या काळी कित्येक दवाखान्यांत हेच 'स्क्रीनिंग' चालायचं.

कोलोनोस्कोपीचंही तेच. आतडं साफ नसेल, स्कोप सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत) पोचला नसेल, बाहेर घेताना किमान सहा मिनिटं बघितलं नसेल, तरी नोंद 'झाली' अशीच. जुलाबाचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी द्यायचं असतं. सगळं आदल्या दिवशीच संपवलं की उजव्या बाजूच्या आतड्यावर पुन्हा पिवळट थर चढतो आणि नेमके तिथले चपटे पॉलिप सुटतात. डॉक्टरागणिक मोजायचं असेल तर दर शंभर तपासण्यांत किती जणांत अॅडेनोमा (कर्करोगात बदलू शकणारा पॉलिप) सापडला ते मोजा. हा दर एका टक्क्याने वाढला की पुढे कर्करोग होण्याचा धोका साधारण ३ टक्क्यांनी कमी दिसतो, असं २०१४ च्या अभ्यासात आढळलं.

शेवगा

दुर्बीण, असहमत. आकडा अपुरा आहे म्हणून टाकून देण्याजोगा होत नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कायझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेमध्ये २००० साली जेमतेम ३९ टक्के लोकांचं स्क्रीनिंग वेळेवर झालेलं होतं, २०१५ मध्ये ८३ टक्के. या आजाराचे मृत्यू ५२ टक्क्यांनी घटले.

यात मोठं काम केलं ते पोस्टाने घरी पाठवलेल्या फिट (शौचातलं न दिसणारं रक्त शोधणाऱ्या चाचणीच्या) किटने. डॉक्टरांच्या लक्षात राहण्यावर काही सोडलंच नाही. यादी काढायची, ज्यांची तपासणी राहिलीय त्यांना किट पाठवायचं, परत आलं नाही की स्मरणपत्र. शौचात काडीचं खाचांचं टोक चार-पाच ठिकाणी फिरवायचं, काडी नळीत घालून बंद करायची, तारीख लिहायची. पथ्य लागत नाही. किट फुकट जातात ती बारीक कारणांनी: तारीखच लिहिलेली नसते, किंवा नळी उन्हात पडून राहते आणि हिमोग्लोबिन विघटित होऊन निकाल खोटा 'निगेटिव्ह' येतो.

खरी गळती पुढे आहे. फिट पॉझिटिव्ह आली आणि कोलोनोस्कोपी झालीच नाही, तरी ती व्यक्ती 'स्क्रीनिंग पूर्ण' मध्येच मोजली जाते. दहा महिन्यांपलीकडे उशीर झाला की पुढच्या टप्प्याला गेलेला कर्करोग सापडण्याचं प्रमाण वाढतं. तेव्हा मोजणी पॉझिटिव्हनंतरच्या कोलोनोस्कोपीपर्यंत न्या.

तक्ता_क्र_४

आकडा येतो कुठून तेही बघा. लोकांना विचारलं तर ते जास्त सांगतात. विम्याच्या बिलांत आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीकडून झालेली कोलोनोस्कोपी दिसत नाही. केसपेपरात 'स्कोप नॉर्मल' लिहिलेलं असतं, रिपोर्ट नसतो. पीएसएत तर लॅबच्या यादीवरून स्क्रीनिंग कोणतं, लघवीच्या त्रासासाठी केलेली चाचणी कोणती आणि उपचारानंतरची देखरेख कोणती, हे वेगळं करता येत नाही. अमेरिकेच्या पीएलसीओ या स्क्रीनिंगच्या अभ्यासात तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बहुतेक पुरुषांनीही बाहेर पीएसए करून घेतली होती. त्यामुळे फरक दिसेनासा झाला.

निरगुडी

गोदाकाठ, तुम्ही दिलेले आकडे पीएसए वाढली की थेट बायॉप्सी (तुकडा काढून तपासणी) या काळातले आहेत. त्याच अभ्यासाचा २३ वर्षांचा हिशोब एका मृत्यूमागे ४५६ आमंत्रणं आणि १२ जादा निदानं असा आहे. आता आधी एमआरआय होतो. कमी धोक्याचा कर्करोग नुसता देखरेखीखाली ठेवता येतो. प्रोटेक्ट अभ्यासात शस्त्रक्रिया, रेडिएशन, देखरेख यांपैकी काहीही वाट्याला आलं तरी १५ वर्षांत या आजाराने गेलेले सुमारे ३ टक्केच होते.

शिवाय काहीच मोजलं नाही की काय होतं? रक्ताच्या इतर चाचण्यांत पीएसए गुपचूप घातली जाते. ७८ वर्षांच्या आजोबांची होते, आणि वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्या पन्नाशीच्या माणसाला कोणी विचारतही नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचा या आजाराने मृत्यूदर गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे, त्यांनाही नाही. म्हणून तीन गोष्टी मोजा: सत्तरीपुढच्या किती जणांची विनाकारण पीएसए झाली, वाढलेली पीएसए बायॉप्सीआधी पुन्हा केली का (मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर ६ ते ८ आठवडे थांबून), आणि पेशंट फिनास्टेराइडवर (वाढलेल्या प्रोस्टेटसाठीच्या गोळीवर) आहे का ते पाहिलं का. ही गोळी सहा महिने ते वर्षभरात पीएसए निम्म्यावर आणते. रिपोर्टातला २.५ तिथे ५ धरायचा असतो.

कृष्णामाई

महाराष्ट्रातून लिहितोय. इथे सरकारी कार्यक्रमात तिशीपुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासतात. आतडं आणि प्रोस्टेट त्यात नाहीत. इथे या आजारांचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी असताना ते मला योग्यच वाटतं. पण खाजगी 'फुल बॉडी चेकअप'मध्ये पीएसए आणि सीईए (कर्करोगात वाढू शकणाऱ्या एका प्रथिनाची रक्तचाचणी) सर्रास असतात. सीईए स्क्रीनिंगची चाचणी नाहीच: सुरुवातीच्या कर्करोगात ती बहुधा नॉर्मल येते आणि सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोग नसतानाही वाढलेली असू शकते. दुसरीकडे शौचावाटे रक्त जाणाऱ्याला मूळव्याध म्हणून महिनोन् महिने मलम चालू राहतं, स्कोप सोडाच, बोटाने तपासणीही होत नाही. इथे डॉक्टरांचं मोजायचं तर आधी हे मोजा.

गोदाकाठ

निरगुडी, सत्तरीपुढची पीएसए मोजायला माझी हरकत नाही. तो आकडा कमी व्हायला हवा, आणि एचईडीआयएस या दर्जा-निकषांत असा निकष आणलेलाही होता. पुन्हा चाचणी केली का, तेही मोजा. पण ५५ ते ६९ मधल्या किती जणांची पीएसए झाली यावर एक डॉलरही बोनस लावू नये. पैसे लागले की चर्चा दोन मिनिटांत उरकते आणि रक्ताची ट्यूब भरली जाते. शेवगा, पॉझिटिव्ह फिटनंतरच्या कोलोनोस्कोपीला मुदत किती ठेवाल? मी सहा महिने म्हणेन.

शेवगा

तीन. सहा ठेवले की पाचव्या महिन्यात फोन सुरू होतात.