लहान कारखानेच जास्त नोकऱ्या देतात, हे कितपत खरे?

प्रश्न (रबाळे):
ठाणे-बेलापूर पट्ट्यात मोठे कारखाने बंद होऊन त्यांच्या जागी कार्यालये आणि गोदामे आली, पण गाळ्यांमधले लहान उद्योग चालूच आहेत. मग उत्पादन क्षेत्रातला रोजगार लहान उद्योगच वाढवतात, असे म्हणता येईल का?

उत्तर (वागळे इस्टेट):
माझ्या वर्कशॉपमध्ये चौदा कामगार आहेत. गेल्या वर्षी चार नवे घेतले आणि एक मोठी ऑर्डर हातची गेल्यावर पाच कमी करावे लागले. भरतीचा आकडा सांगितला तर मी रोजगार देणारा ठरतो, पण प्रत्यक्षात माझ्याकडे एक माणूस घटलाच आहे.

उत्तर (कोपरी):
मुद्दा नेमका हाच आहे. अमेरिकेत 1979 मध्ये डेव्हिड बर्च यांनी बहुतेक नव्या नोकऱ्या लहान उद्योगांतून येतात असे मांडले; पुढे डेव्हिस, हाल्टिवांगर आणि शू यांनी तिथल्या कारखान्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा लहानांमध्ये नोकऱ्या निर्माण होण्याचा आणि जाण्याचाही दर जास्त असल्याचे दिसले.

शिवाय वर्गवारी फसवते. समजा, पन्नासपेक्षा कमी कामगारांचा कारखाना लहान. एक कारखाना 45 वरून 55 वर गेला आणि दुसरा 55 वरून 45 वर आला. वर्षारंभीच्या आकारानुसार मोजले तर लहानाने दहा नोकऱ्या दिल्या, मोठ्याने दहा घालवल्या. पुढच्या वर्षी दोघे मूळ आकड्यांवर परतले, तरी श्रेय पुन्हा लहानालाच! एकूण कामगार मात्र दोन्ही वर्षे शंभरच.

प्रश्नकर्ता:
म्हणजे आकाराला काहीच अर्थ नाही?

उत्तर (कोपरी):
वय अधिक बोलते. 2013 मध्ये हाल्टिवांगर, जार्मिन आणि मिरांडा यांनी अमेरिकी उद्योगांचे वय हिशेबात धरले, तेव्हा आकार आणि वाढ यांचा ठोस संबंध उरला नाही. वाढतात ते नवे उद्योग, आणि त्यांतले पुष्कळ लवकर बंदही पडतात. आपल्याकडे अडचण निराळी आहे, कारण श्येह आणि क्लेनो यांच्या 2014 च्या अभ्यासानुसार भारतातले जुने कारखाने अमेरिकेतल्या जुन्या कारखान्यांइतके मोठे होत नाहीत. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा 1976 मध्ये 300 कामगारांची होती, 1982 च्या दुरुस्तीने ती 100 वर आली आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत पुन्हा 300 झाली. तरीही न वाढण्याचा सगळा दोष कायद्यावर ढकलणे मला पटत नाही, कारण चौदा कामगारांच्या वर्कशॉपला ही मर्यादा कुठे आडवी येते?

उत्तर (वागळे इस्टेट):
मला आडवे येते ते थकलेले बिल. मोठी कंपनी पैसे चार महिन्यांनी देते, आणि तोवर पगार मला खिशातून भागवावे लागतात. पंधरावा माणूस घेण्याआधी मी ते बिल वसूल होण्याची वाट पाहतो.