प्रति: परका पाहुणा म्हणजे फार्सच का?

परदेशी पाहुणा आणि गावकरी यांच्यावरचं नाटक शेवटी फार्सवरच घसरतं, असं वर कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटलं. आयरिश नाटककार ब्रायन फ्रीलचं 'ट्रान्सलेशन्स' घ्या (पहिला प्रयोग उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत, १९८०). काळ १८३३, आयर्लंडच्या डोनेगलमधलं आयरिश भाषा बोलणारं खेडं, आणि नकाशासाठी मोजणी करायला आलेलं ब्रिटिश सैन्य.

खरी करामत रचनेत आहे. गावकरी आयरिश बोलतायत असं मानायचं, पण रंगमंचावर तेही इंग्रजीच बोलतात! म्हणजे प्रेक्षकाला सगळं कळतं, पण गावकरी आणि सैनिकांना एकमेकांचं ओ की ठो कळत नाही. ब्रिटिश लेफ्टनंट योलंड आणि गावातली मुलगी यांचा प्रेमप्रवेश बघा: तो म्हणतोय मला कायम इथेच राहायचंय, ती म्हणतेय मला इथून घेऊन चल. आणि दोघंही खूश. हसू येतंच. पण मग योलंड बेपत्ता होतो आणि त्याचा कॅप्टन आधी गुरं मारायची, मग घरं पाडायची धमकी देतो.

मला सगळ्यात आवडला तो दुभाषा ओवेन, गावचाच पोरगा. पहिल्या अंकात कॅप्टनचं भाषण तो गोड करून, निम्मं गाळून सांगतो. शेवटच्या अंकात गुरं-घरांची ती धमकी त्याला गावागावाच्या नावानिशी आपल्याच माणसांना ऐकवावी लागते.

मोजणीवाल्या सैनिकांना फ्रीलने नको तितकं क्रूर रंगवलं, हा जॉन अँड्र्यूज या इतिहासकाराचा आक्षेप रास्त आहे. नाटक म्हणून मात्र त्याने फारसं बिघडत नाही.