रेनेसाँ फेअरला जाणाऱ्यांनो, अनुभव लिहा

अमेरिकेत उन्हाळ्यात बऱ्याच रेनेसाँ फेअरचे, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपासचा युरोप रंगवणाऱ्या जत्रांचे, शनिवार-रविवार सुरू होतात. मेरीलँडचं क्राउन्सव्हिल, न्यूयॉर्कजवळचं टक्सीडो, शिकागोकरांना ब्रिस्टल. टेक्सासच्या टॉड मिशनला ऑक्टोबर-नोव्हेंबर. दरवर्षी जाणाऱ्यांनी नेमकं सांगा, काय घालायचं, काय बघायचं, काय फसतं. 'धमाल आली' एवढंच नको.

सुईदोरा
पोशाख पायापासून ठरवा. जमीन मातीची असते, पावसानंतर निव्वळ राडा. टाचेचे बूट रुततात, आणि नवे चामडी बूट चावतात, म्हणून आठवडाभर आधी घरात घालून फिरा. घागऱ्याचा घेर जमिनीपासून चार बोटं वर हवा. आत सैल सुती किंवा लिननचा झगा. पॉलिएस्टरची मखमल फोटोत छान दिसते, ऑगस्टच्या दुपारी भट्टी होते.
बॉडिस, म्हणजे नाडीने आवळायची घट्ट चोळी, घेताना नाडी पूर्ण आवळून बघा. दोन कडांत दोन-तीन बोटं फट उरलीच पाहिजे. दुकानातच कडा भिडल्या तर तो मोठा आहे. दिवसभरात कापड सैलावतं आणि मग आवळायला जागाच राहत नाही. आतल्या पट्ट्या पोलादी घ्या. प्लॅस्टिकच्या अंगाच्या उबेने वाकतात आणि कंबरेत टोचतात.

कडीकोयंडा
कड्यांचं चिलखत घेणाऱ्यांसाठी. नेहमीच्या विणीत प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते. १.६ मिमी तार आणि आतला व्यास ८ मिमी, हे पोलादाला चांगलं जमतं. तार तीच ठेवून व्यास वाढवला की वीण भोकाळते आणि कड्या उघडू लागतात. स्वस्त मालात कडीची टोकं नुसती भिडवलेली असतात, रिबीट नसतं. त्यावरून सुती रुमाल फिरवा. धागा अडकला तर जोड नीट मिटलेला नाही, आणि तोच जोड पुढे तुमचे केस उपटेल.
पोलादी सदरा दहा किलोच्या आसपास भरतो. कमरेला पट्टा घट्ट बांधून वर थोडा झोळ काढा, म्हणजे बराच भार खांद्यावरून उतरतो. ॲल्युमिनियम वजनाला तिसरा हिस्सा, पण आतला सदरा काळा करतं.
तलवार म्यानात हवी. दारावर ती झिप-टायने (प्लॅस्टिकच्या पट्टीने) बांधून देतात. ती गाठ आत सोडली तर बाहेर काढतात, यात हुज्जत नको.

मीठमिरची
टर्कीची तंगडी आतून गुलाबी दिसली म्हणून परत करू नका. खारवून धुरावलेली असल्याने ती शिजूनही गुलाबीच राहते. खारट असते, एक दोघांत पुरते. शाकाहाऱ्यांनी तळणीचं तेल वेगळं आहे का ते विचारावं. मीड (मधाची दारू) प्यायची असेल तर ओळखपत्र खिशात ठेवा, केस पांढरे असले तरी.
सुटे पैसे न्या. खेळ संपल्यावर कलाकार टोपी फिरवतात आणि अनेकांची खरी कमाई तीच असते.

टापांचा आवाज
जाउस्टला, म्हणजे घोडेस्वारांच्या भालेझुंजीला, अर्धा तास आधी बसा. बाक लढणाऱ्या सरदारांप्रमाणे, ज्याचे पाठीराखे त्याच्या बाजूला, असे वाटलेले असतात, पण निवड सावली बघून करा. भाल्याचं टोक बऱ्याचदा बाल्सा लाकडाचं असतं. ते मोडावं म्हणूनच हलकं ठेवलेलं. पडणं मात्र खरंच लागतं.
काच फुंकणाऱ्याचं प्रात्यक्षिक बघून 'हाच पेला द्या' म्हणू नका. तो रात्रभर भट्टीत सावकाश निवला नाही तर तडकतो.

नथ आणि नाडा
'नऊवारी चालेल का?' हा दरवर्षीचा प्रश्न. खुशाल नेसा. ब्रिस्टलच्या फेअरमध्ये राणी पहिल्या एलिझाबेथची इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहराला १५७४ मध्ये दिलेली भेट रंगवतात. पाचच वर्षांनी, १५७९ मध्ये, पुढे मराठीत ओव्या रचणारा इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स गोव्यात उतरला. काळ जुळतो. शिवाय चिखलात काष्टा घेरापेक्षा केव्हाही सोयीचा. फक्त लोहाराच्या भट्टीपाशी पदर खोचून घ्या.