मदत हवी आहे: एमजीबी रोडस्टरखाली अडीच इंची एक्झॉस्ट, सायलेन्सर रस्त्याला घासतोय

कॉव्हेंट्रीतला_सांगलीकर (शुक्रवार, रात्री ११.४०)
मंडळी, घाईत आहे, थेट विचारतो. १९७२ची एमजीबी, दोन सीटांची उघडी ब्रिटिश गाडी. गेल्या आठवड्यात अडीच इंच व्यासाच्या पाइपची स्टेनलेस एक्झॉस्ट सिस्टिम बनवून घेतली. पहिल्याच हंपवर (स्पीडब्रेकरवर) पुढचा सायलेन्सर घासला. आज ऑफिसातून घरी येईपर्यंत तीनदा घासला, आवाजाने पोटात गोळा येतो. बनवणारा म्हणतो, "या गाड्या घासतातच." पुढच्या शनिवारी बाबा सांगलीहून येताहेत. त्यांना विमानतळावरून टप उघडून घरी आणायचं हे माझं अकरा वर्षांचं ठरलेलं आहे. सायलेन्सर वर कसा घेऊ? फ्लोअर कापून खोबण केली तर चालेल का?

पाना_नंबर_तेरा (शुक्रवार, ११.५८)
फ्लोअर कापू नका! एमजीबीला वेगळी चासी नाही, फ्लोअर, सिल (दाराखालची पट्टी) आणि मधला बोगदा हाच तिचा सांगाडा. वर छप्पर नसलेल्या गाडीत तर सगळा भार सिलवर येतो. तिथे कापलंत की उद्या दारं लागायची नाहीत.
आता सांगा: इंजिन मूळचंच आहे का? गाडी लोअर केलेली, म्हणजे मूळच्यापेक्षा खाली बसवलेली आहे का? सायलेन्सरच्या बुडापासून जमिनीपर्यंत किती अंतर? गाडी चाकांवर उभी असताना मोजा, जॅकवर नाही.

कोल्हापुरी_धडधड (शनिवार, सकाळी ६.१५)
दादा, पुढचा सायलेन्सर काढूनच टाका. सरळ पाइप, मागे एकच डबा. घासायला काही उरतच नाही आणि आवाज असा येतो की गल्ली वळून बघते. माझ्या बुलेटला आठ वर्षं असंच आहे.

केंटवासी (शनिवार, ११.०५)
कृपा करून असं काही करू नका. इथे ब्रिटनमध्ये १९८६च्या कन्स्ट्रक्शन अँड यूज नियमांतला ५४वा नियम आहे. आवाज वाढेल असा बदल सायलेन्सरमध्ये करता येत नाही. ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटीतून, म्हणजे दरवर्षीच्या वाहनतपासणीतून, सूट मिळते, या नियमातून नाही. शिवाय उघड्या गाडीत तासभर तो आवाज सोसून बघा, बाबांशी एक वाक्य बोलता येणार नाही.

कोल्हापुरी_धडधड
नियम सगळीकडेच आहेत. आवडीची गाडी माणूस एकदाच घेतो.

गॅरेजवाली
पुण्यात असे सायलेन्सर पोलिसांनी जमा करून रोडरोलरखाली घातले, ते विसरलात का? धाग्यावर परत या. सांगलीकर, पानावाल्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या ना.

जुनी_गाडी_जुनं_घर (शनिवार, १२.२०)
ही गाडी पुढे भारतात आणणार असाल तर एक सांगून ठेवतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. पहिल्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला मात्र ती काढता येत नाही. मूळचे सुटे भाग सांभाळून ठेवा.

कॉव्हेंट्रीतला_सांगलीकर (शनिवार, दुपारी २.३०)
जुनी_गाडी, धन्यवाद, पण गाडी इथेच राहणार.
पाना, इंजिन मूळचंच, १७९८ सीसी. मॅनिफोल्डही (इंजिनातून धूर गोळा करणारा पहिला पाइप) जुना, बिडाचा. जमिनीपासून ३ इंच. लोअर केली आहे, ते आधीच्या मालकाने, मागे पाटा (स्प्रिंग) आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये १ इंची ठोकळे घालून. मला वाटलं त्याचा याच्याशी संबंध नसेल.

पाना_नंबर_तेरा
संबंध नसेल कसा, अर्धं उत्तर तिथेच आहे. ३ इंच म्हणजे ७६ मिलिमीटर, आणि इंग्लंडातला हंप नियमाने १०० मिलिमीटरपर्यंत उंच असू शकतो. आता शेजारच्या सीटवर कोणाला तरी बसवा, मागे बॅगेएवढं वजन ठेवा आणि पुन्हा मोजा.

केंटवासी
आणि अडीच इंच कशासाठी? मूळ पाइप पावणेदोन इंचाचा. बाहेरच्या व्यासाने धरलं तर त्याचं तोंड १५.५ चौरस सेंटिमीटर, २ इंचीचं २०.३ आणि अडीच इंचीचं ३१.७, म्हणजे मूळच्या दुप्पट. या इंजिनाला चार सिलिंडर आणि एक्झॉस्टची दारं तीनच आहेत. मधल्या दोन सिलिंडरांना एकच दार. अडथळा हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) आहे, मागे कितीही रुंद पाइप लावून तो दूर होत नाही. उलट गॅसचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमला ओढ कमी होते.

पाना_नंबर_तेरा
इतकंही नाही. माझ्या ओळखीच्या एकाने हेडचं काम करून, कॅम (झडपा उघडणारा दांडा) बदलून अडीच इंची लावली आणि गाडी छान पळते.

केंटवासी
हेड आणि कॅम बदललं म्हणून पळते. यांचं इंजिन मूळचं आहे.

गॅरेजवाली (शनिवार, संध्याकाळी ७.१०)
दोघांचंही खरं, पण पैसे तर जाऊन बसलेत. सिस्टिम ठेवायचीच असेल तर पाइप फक्त घासतो तेवढ्या टप्प्यात चपटा करून घ्यायचा. अडीच इंची पाइपचा घेर जवळपास २०० मिलिमीटर. तो ४५ मिलिमीटर उंचीला दाबला तर रुंदी ७४ होते आणि तोंड ३१.७ वरून २९ चौरस सेंटिमीटरवर येतं. गॅसला फरक नगण्य, उंचीत १८ मिलिमीटरहून जास्त कमाई. सायलेन्सरही गोल न घेता लंबगोल घ्या, आडवा बसवा.
पण त्याआधी इंजिन ज्यांच्यावर बसतं ती फाउंडेशन रबरं बघा. ती बसली की इंजिन खाली येतं आणि डाउनपाइप (मॅनिफोल्डपासून खाली येणारा पाइप) अख्खी सिस्टिम घेऊन खाली उतरतो. वडिलांच्या गॅरेजमध्ये मी हे कितीतरी गाड्यांत पाहिलंय. लोक पाइप बदलत बसतात, दोष रबरात असतो.
आणि पाइप टांगणारे हँगर रबराचेच आहेत ना? इंजिन हलतं, पाइपला त्याच्यासोबत हलू द्यावं लागतं. पक्का आवळला तर मॅनिफोल्डपाशी तडा जातो.

न्यू_जर्सीची_वहिनी
एक सुरक्षेची गोष्ट. आमच्याकडे जुनी कन्व्हर्टिबल होती. टप वर आणि खिडक्या बंद असल्या की मागून धूर आत ओढला जायचा, डोकं दुखायचं. मागचा पाइप बंपरच्या बाहेर येतोय ना आणि जोड कुठे फुसफुसत नाही ना, ते नक्की बघा. बाबा वयस्कर असतील.

कॉव्हेंट्रीतला_सांगलीकर (रविवार, दुपारी ४.००)
वहिनी, डावीकडचा एक जोड खरंच फुसफुसत होता, गॅस्केट बदलली.
शेजाऱ्याला बसवून मोजलं, अडीच इंच. आणि गॅरेजवाली, डावं फाउंडेशन रबर उजव्यापेक्षा बोटभर बसलंय, तेलाने फुगून मऊ झालंय. एक्झॉस्टची बाजू तीच.
ठोकळे काढले तर पूर्ण १ इंच मिळेल का?

पाना_नंबर_तेरा
नाही. ठोकळे मागच्या अ‍ॅक्सलवर आहेत आणि घासणारा डबा साधारण गाडीच्या मध्यावर. मागे १ इंच उचललं की तिथे अर्धा मिळेल. तरी काढाच. काढल्यावर जुने यू-बोल्ट लांब पडतात, मूळ मापाचे आणा. आणि गाडीखाली जाताना घोड्या (आधाराचे स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर जाऊ नका.

कॉव्हेंट्रीतला_सांगलीकर (बुधवार, रात्री १०.५०)
ठोकळे काढले. दोन्ही फाउंडेशन रबरं बदलली. दोघं बसून अडीच होते ते आता साडेतीन इंच. केंटवासींचं ऐकून २ इंची तयार सिस्टिम मागवली, पुढचा डबा लंबगोल. उद्या संध्याकाळी बसवतोय, मग अजून थोडं मिळेल. चपटा करण्याचं काम शनिवारच्या आत कोणी घ्यायला तयार नव्हतं, नाहीतर तेच केलं असतं.

केंटवासी
उत्तम. बसवल्यावर दोन्ही एसयू कार्ब्युरेटर तपासा. सिस्टिम मूळच्यापेक्षा मोकळी असली की हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊ शकतं, कार्ब्युरेटरची सुई बदलावी लागेल.

कॉव्हेंट्रीतला_सांगलीकर (शनिवार, रात्री ९.१५)
हीथ्रो ते घर, एकदाही घासली नाही. बाबांनी पूर्ण रस्ता टप उघडं ठेवायला लावलं. मफलर बांधून बसले होते, आणि घराजवळच्या हंपवर मी वेग कमी केला तेव्हा दार धरून खाली वाकून ऐकत होते. सगळ्यांचे मनापासून आभार.

कोल्हापुरी_धडधड
दादा, ती अडीच इंची काढलेली सिस्टिम विकायची आहे का? भारतात कोणी येणार असेल तर सांगा.