इंजिन कुठलंही चालतं?

‘पहिला गेम एका स्क्रीनपुरताच ठेवा, इंजिन (म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) कुठलंही चालतं’ असा सल्ला नवख्यांना दिला जातो. त्यातलं पहिलं पटलं. पण ‘इंजिन कुठलंही चालतं’ हे मराठी मजकुराच्या गेमला लागू नाही. माझं शब्दकोडं गोदो (Godot) या इंजिनच्या आवृत्ती 3 मध्ये सुरू केलं, तर ‘किल्ला’ची वेलांटी क च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसली आणि ल चा पाय मोडलेला! दोन संध्याकाळी नुसते फॉन्ट बदलत बसलो (फॉन्ट बिचारे निर्दोष). त्या आवृत्तीत जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नव्हती. ती 2023 च्या गोदो 4 मध्ये आली.

गोदो 4 वर गेलो तरी कोड्याच्या चौकटी चुकल्याच. कोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून ‘किल्ला’ची लांबी 6 भरते, खेळणाऱ्याला अक्षरं दिसतात दोन. शेवटी शब्दाची अशी अक्षरं पाडणारं फंक्शन स्वतःच लिहिलं, आणि प्रोग्रॅमिंग खरं तिथे शिकलो.